सर्वांना बरोबर घेऊन

अच्युतराव कारखानीस होते तोवर आमच्या मंडळात कोणी गरम जेवलं नाही.

विद्याधर नगरात भाड्याच्या सभागृहात भरणारं आमचं मराठी मंडळ लहानसं. बँकेत, विमा कंपनीत, केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत बदली होऊन जयपूरला आलेली आणि मग इथेच राहून गेलेली माणसं, काही डॉक्टर, माझ्यासारखे कॉलेजात शिकवणारे काही. गणपतीत एक दिवस सगळ्यांची पंगत. पानं वाढून व्हायची, भातावर वरण पडायचं, भज्यांचा वास नाकात शिरायचा आणि नेमके तेव्हा अच्युतराव उभे राहायचे. पांढराशुभ्र सदरा, खिशाला पेन, हातात कागद. महाप्रसादासाठी ज्यांनी ज्यांनी काही दिलं त्या सगळ्यांची नावं ते वाचून दाखवत. ज्यानं नारळ दिले त्याचं, आणि ते आणायला ज्यानं स्कूटर दिली त्याचंही. वाचन संपेपर्यंत कोणी पानाला हात लावायचा नाही. वरणावर साय धरायची, भजी मऊ पडायची, पोरं कुरकुरायची.

एका वर्षी आमचे डॉक्टर परांजपे न राहवून ओरडले, "अहो कारखानीस, माझं नाव गाळा, पण जेवू द्या!"

अच्युतरावांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. ते कधी चिडत नसत, तेही एक सहन करावं लागे. "डॉक्टर, तसं चालत नाही," ते म्हणाले, "तुमचं गाळलं तर बाकीच्यांना वाटेल, आपलंही गाळायला हवं होतं. सर्वांना बरोबर घेऊन जायचं असतं."

"पण नावं वाचा असं कोणी म्हटलंय का?"

"म्हटलेलं नसतं. अपेक्षित असतं."

ही त्यांची दोन वाक्यं. तिसरं होतं 'नोंद घेतली'. तुम्ही काहीही सांगा, पंखा बंद आहे, मांडववाला फसवतोय, तुमची आई आजारी आहे, अच्युतराव मान हलवत आणि म्हणत, नोंद घेतली. पंखा बंदच राहायचा.

मला हा माणूस कधी आवडला नाही आणि तो गेल्यावरही आवडू लागलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं असा आपल्याकडे रिवाज आहे. तो पाळायला दुसरी माणसं आहेत, आणि त्यांनी तो पाळलाही. मी आपलं पाहिलं तसं लिहिते.

जे चांगलं होतं ते आधी सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी आठवण करून द्यायला नको. त्यांनी आयुष्यात लाच घेतली नाही. सरकारी गाडीतून भाजी आणली नाही. आलेल्या पाहुण्याला फाटकापर्यंत पोचवायला जात. सुधाकाकूंशी, म्हणजे त्यांच्या बायकोशी, मोठ्या आवाजात बोलल्याचं कोणी ऐकलं नाही. त्यांनी पैसा कधी खाल्ला नाही, फक्त दुसऱ्यांचा वेळ खाल्ला, आणि त्याबद्दल आपल्याकडे कोणाला पकडत नाहीत.

केंद्र सरकारातून ते काही वर्षं परदेशी प्रतिनियुक्तीवर गेले होते. त्या देशाचं नाव लिहीत नाही. डोंगराळ देश, तिथे बरीच वर्षं लढाई चाललेली, अर्धा देश तंबूत राहतो. तिथल्या लोकांना मदत पोचवण्यासाठी अनेक देशांनी मिळून एक सामायिक निधी उभा केला होता. जवाहर नगरच्या आपल्या बैठकीत बसून ही कल्पना ते आल्यागेल्याला समजावत. "भांडं एक. ज्याला जे टाकायचं ते त्यानं त्यात टाकायचं. आत पडलं की ते कोणाचं राहत नाही. मग जिथे गरज सर्वांत जास्त, तिथे ते आधी जायचं."

कल्पना खरंच चांगली आहे, मी आजही म्हणेन. एरवी प्रत्येक देश आपापलं धान्य, आपापल्या ताडपत्र्या आपल्या आवडत्या गावात नेऊन टाकतो आणि शेजारचं गाव उपाशी राहतं. भांडं एक असलं की हे टळतं. त्यातली सगळी गंमतच ही की कोणाचं नाव लागत नाही. आणि असल्या कामावर कोणाला नेमलं होतं, तर नारळ आणणाऱ्या स्कूटरचंही नाव वाचणाऱ्या अच्युतरावांना.

निवृत्त होऊन ते जयपूरला परतले तरी निधीशी त्यांचा संबंध सुटला नाही. एका पावसाळ्यात निधीनं ठरवलं की हिवाळ्याच्या आत तंबूंमध्ये जयपुरी रजया पाठवायच्या. जयपुरी रजई म्हणजे मलमलीची, हातानं पिंजलेल्या कापसाची, वजनाला अगदी हलकी आणि पांघरली की ऊब देणारी. खरेदीचं काम अच्युतरावांकडे आलं. मी कॉलेजात वस्त्रकला शिकवते, सांगानेरच्या छपाईवाल्यांशी माझी ओळख, म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी आनंदानं गेले. त्याला कारण होतं.

त्या देशातली एक मुलगी माझी विद्यार्थिनी होती. नसरीन. शिष्यवृत्तीवर जयपूरला येऊन शिकली, दुर्गापुऱ्याला आमच्या घराच्या वरच्या खोलीत राहिली, माझ्या हातची साबुदाण्याची खिचडी खाऊन "मैडमजी, ये मोती कहाँ उगते हैं?" असं विचारायची. शिकून झाल्यावर ती परत गेली. लढाई चालू असताना गेली. आता ती एका डोंगरातल्या छावणीत बाळंतिणींचा तंबू सांभाळत होती.

रजयांचं तिच्या कानावर गेलं तेव्हा तिचा फोन आला. आवाजात हसू होतं. "मैडमजी, आपके शहर की रजाई यहाँ आएगी! मैंने सबको बोल दिया है. बस, दर्रा बंद होने से पहले भेज दीजिए."

दर्रा म्हणजे खिंड. छावणीला जाणारा एकच रस्ता त्या खिंडीतून होता. बर्फ पडलं की खिंड बंद, आणि मग वसंतापर्यंत ना माणूस येतो ना ट्रक. रजया त्याआधी पोचायला हव्यात, एवढं साधं काम होतं. मी सांगानेरला जाऊन रामबाबूजींना विचारलं. त्यांचा मोठा कारखाना, डोकं पक्कं धंद्याचं. ते म्हणाले, साध्या छापाच्या रजया असतील तर दसऱ्याला उचला.

मी हे जवाहर नगरला येऊन सांगितलं. अच्युतरावांनी मान हलवली. "उत्तम. फक्त बोधचिन्हांचं पाहायला हवं."

"कसली बोधचिन्हं?"

"देणाऱ्या देशांची. प्रत्येक रजईच्या काठावर सगळ्यांची बोधचिन्हं छापायची."

मला आधी वाटलं ते थट्टा करताहेत. मग आठवलं की हा माणूस थट्टा करत नाही. मी विचारलं, कोणी तसं मागितलंय का? उत्तर मला पाठ होतं, तरी विचारलं.

"मागितलेलं नाही. अपेक्षित असतं."

तिथून जे सुरू झालं त्याला काम म्हणायला माझी जीभ रेटत नाही. बोधचिन्हं कुठल्या क्रमानं लावायची? ज्यानं जास्त दिलं त्याचं आधी, तर कमी देणारा दुखावणार. जो निधीत आधी आला त्याचं आधी, तर मोठा देणारा दुखावणार. एकाचं चिन्ह आडवं, एकाचं उभं, मग उंची सारखी ठेवायची की रुंदी? एका देशाच्या झेंड्यातला लाल आमच्या सांगानेरच्या रंगात जरा काळपट उतरत होता. अच्युतरावांनी तो फरक भिंग लावून पाहिला आणि पुन्हा छापायला सांगितलं. प्रत्येक नमुन्याचे फोटो सगळ्या देशांच्या प्रतिनिधींना जायचे, आणि सगळ्यांची उत्तरं येईपर्यंत काम पुढे सरकायचं नाही. कोणी उत्तर दिलं नाही की ते स्मरणपत्र पाठवत. त्या बिचाऱ्यांनाही समजत नसावं की हा जयपूरचा गृहस्थ आपल्याला लाकडाच्या ठशाचे फोटो का पाठवतोय.

रामबाबूजी मात्र खूश होते. दरवेळी नवे ठसे कोरायचे आणि दरवेळी त्याची वेगळी मजुरी. "मैडमजी, हमारा क्या है," ते मला म्हणाले, "साहब बोलेंगे तो चाँद का ठप्पा भी लगा देंगे." मागे गोदामात कोऱ्या मलमलीचे गठ्ठे आढ्याला टेकले होते. पिंजलेला कापूस तयार होता. भरणाऱ्या बायका हात बांधून बसल्या होत्या.

दसरा गेला. नसरीननं एक फोटो पाठवला. तिच्या तंबूत जन्मलेली एक मुलगी, काही दिवसांची, एका पुरुषी कोटाच्या अस्तरात गुंडाळलेली. फक्त नाक दिसत होतं. खाली लिहिलं होतं, ही पहिली रजई हिला.

तो फोटो घेऊन मी अच्युतरावांकडे गेले. त्यांनी तो नीट पाहिला. खरंच नीट पाहिला, मी खोटं कशाला सांगू. आणि म्हणाले, "नोंद घेतली."

"नोंद नको, रजया पाठवा," मी म्हटलं. "कोऱ्या पाठवा. हवं तर नंतर ठसे मारायला माणूस पाठवा त्या डोंगरावर."

त्यांना हसू आलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचं त्यांनी मला आपलं काही सांगितलं. म्हणाले, "मृणालबाई, तुम्ही तिथे नव्हता. एकदा मी घाईनं मदत पाठवली होती. एका देशाला विचारायचं राहिलं. तो रुसला, त्यानं हात काढून घेतला, त्याचं बघून दुसऱ्यानं काढला. त्या वर्षी भांडं रिकामं राहिलं. किती माणसं मेली असतील तुम्हांला कल्पना नाही. तेव्हापासून मी एकालाही मागे सोडत नाही."

हे खरं असेल. मला तर ते खरंच वाटतं. पण त्यानं माझा राग तसूभरही कमी झाला नाही. एकदा पोळलेला माणूस सावध होतो. हा माणूस नुसता सावध झाला नव्हता, त्या भीतीची त्यानं पूजा मांडली होती आणि बाकीच्यांना तिच्यापुढे उभं केलं होतं. ज्यांच्या रुसण्याला तो भीत होता ते उबेत बसलेले होते.

सुधाकाकू चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कप पुढे केला आणि म्हणाल्या, "निवतोय." अच्युतरावांनी हात वर करून थांबवलं. बोलणं पुरं झाल्याशिवाय ते चहाला तोंड लावत नसत. काकू तशाच उभ्या राहिल्या. त्यांची नजर माझ्या फोनवरच्या फोटोवर होती.

"बाळंतीण बरी आहे का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"आहे अजून," मी म्हटलं.

दिवाळीनंतर सगळ्या प्रतिनिधींची पडद्यावर बैठक झाली. अच्युतरावांनी मलाही शेजारी बसवलं. अंतिम नमुना कॅमेऱ्यासमोर धरला. तेव्हा त्या प्रतिनिधींतली एक तरुण बाई गोंधळून म्हणाली की तिला वाटत होतं ही बोधचिन्हं माल बांधण्याच्या तागाच्या कापडावर आहेत. रजईवर कशाला? शिवाय तिथे लढाई चाललीय. आमच्या देशाचा झेंडा पांघरून कोणी झोपलेलं सापडलं तर दुसऱ्या बाजूचे लोक त्याला सोडतील का? बाकीच्यांनीही माना डोलावल्या. आम्हांला चिन्ह नकोच, असं एकेकानं सांगितलं.

मी उडीच मारणार होते. आता तरी कोऱ्या रजया निघतील. अच्युतरावांनी सगळ्यांचे आभार मानले आणि पडदा बंद केला. मग शांतपणे म्हणाले, "सगळे सभ्य लोक आहेत. नको म्हणणारच. वगळलं तर मनात ठेवतील."

इतका वेळ मला वाटत होतं, हा माणूस मोठ्या लोकांना भितो. तसं नव्हतं. त्याला कोणाचं काही ऐकायचंच नव्हतं. 'सर्वांना बरोबर घेऊन' म्हणता म्हणता त्यानं सगळ्यांची तोंडं आपल्यापाशी ठेवून घेतली होती आणि त्यांच्या वतीनं तो एकटाच बोलत होता. मी निधीच्या मुख्य कचेरीला तारीखवार सगळं लिहिलं. उत्तर आलं की विषय जयपूरच्या प्रतिनिधींकडे पाठवला आहे. म्हणजे पुन्हा अच्युतरावांकडेच. त्यांनी माझं तेच पत्र मला दाखवलं आणि म्हणाले, नोंद घेतली आहे.

रजया निघाल्या तेव्हा जयपुरात पतंगांचे दिवस जवळ आले होते. खिंड केव्हाच बंद झाली होती. ट्रक सीमेवर थांबले. मी तरी विमान, हेलिकॉप्टर, काही तरी होईल का म्हणून ज्याला त्याला फोन करत होते. संक्रांतीच्या दुपारी गच्चीवर सगळी गल्ली ओरडत होती आणि नसरीनचा फोन आला. नीट ऐकू येईना म्हणून मी खाली येऊन दार लावलं.

"मैडमजी," ती म्हणाली, "अब जल्दी मत कीजिए."

एवढंच. जरा वेळानं म्हणाली, माँ ठीक है. मग लाइन तुटली.

मी तशीच जवाहर नगरला गेले. अच्युतराव बैठकीत होते, सुधाकाकू तिळगुळाची वाटी घेऊन पुढे आल्या. मी दारातूनच सांगितलं. फोटोतली ती मुलगी गेली म्हणून सांगितलं, थंडीनं गेली म्हणून सांगितलं. तुमच्यामुळे, असंही म्हटलं. शेजारीपाजारी ऐकतील याची मी पर्वा केली नाही.

त्यांचा चेहरा उतरला. मला क्षणभर वाटलं, आता हा माणूस रडेल, आणि रडला तर मी त्याला माफ करेन. त्यांनी खिशातलं पेन काढलं.

"फार वाईट झालं," ते म्हणाले. "आपण शोकसंदेश पाठवू. सर्व देशांच्या वतीनं." आणि कागद पुढे ओढून म्हणाले, "फक्त खाली सह्या कुठल्या क्रमानं घ्यायच्या, ते ठरवावं लागेल."

मी बाहेर पडले. मागे वाटी फरशीवर पडल्याचा आवाज झाला. काकूंच्या हातून कधी काही पडत नसे.

रजया होळीनंतर छावणीत पोचल्या. अच्युतरावांनी तिथून फोटो मागवला, मोठा करून चौकटीत बसवला आणि बैठकीत लावला. कडक उन्हात ओळीनं उभ्या राहिलेल्या बायका, प्रत्येकीनं रजई समोर उलगडून धरलेली. बोधचिन्हं लखलखीत दिसत होती, बायकांचे चेहरे रजयांमागे गेले होते. येणाऱ्याला ते काठ दाखवून म्हणत, "क्रम बघा, अगदी बरोबर आलाय." नसरीननं मला कळवलं होतं की रजयांचा खूप उपयोग झाला, उन्हाळ्यात त्या तंबूंपुढे सावलीला बांधल्या.

पुढच्या हिवाळ्यात अच्युतराव गेले. सकाळी फिरून आले, आरामखुर्चीत बसले आणि गेले. कोणाला त्रास दिला नाही, असं सगळे म्हणाले.

तेराव्याला मी जाणार नव्हते. काकूंनी स्वतः फोन करून बोलावलं. बैठकीतल्या भिंतीवर त्या चौकटीच्या जागी नुसता खिळा होता. मंडळाची सगळी माणसं आली होती. पानं मांडली गेली, भात वाढला गेला, वाफ निघत होती. आणि अच्युतरावांच्या हाताखाली तयार झालेले मंडळाचे नवे सचिव हातात कागद घेऊन उभे राहिले. घसा साफ करून म्हणाले, "ठिकठिकाणाहून शोकसंदेश आले आहेत. देशाबाहेरूनही आले आहेत. दोन मिनिटं. सर्वांची नावं..."

आम्ही सगळ्यांनी सवयीनं हात मागे घेतले. डॉक्टर परांजप्यांनीसुद्धा.

सुधाकाकू स्वयंपाकघरातून वरणाचं पातेलं घेऊन येत होत्या. त्या थबकल्या. त्यांचा आवाज मोठा नव्हता, त्या घरात मोठ्या आवाजाची सवयच नव्हती. पण शेवटच्या पानापर्यंत तो गेला.

"नंतर वाचा. अन्न गरम आहे. जेवा आधी."

सचिव कागद धरून उभे राहिले. कोणी तरी त्यांना सदरा धरून खाली बसवलं. काकू वाढत वाढत माझ्यापाशी आल्या. माझ्या भातावर त्यांनी वरण घातलं, वर तूप सोडलं, आणि वाकल्या होत्या तशाच वाकून हळू आवाजात विचारलं,

"त्या बाळाचं नाव ठेवलं होतं का गं?"

"नाही, काकू."

मग तुपाची आणखी एक धार त्यांनी माझ्या भातावर धरली.

"खा," त्या म्हणाल्या. "निवेल."